गुलाबभाऊच्या पोकलेनला चढलेला ताप

जाम चौकात माझं दुकान आहे. होज पाइप, फॅनबेल्ट, फिल्टर, क्लॅम्प, कूलंट असं मोठ्या गाड्यांना आणि मशिनींना लागणारं सगळं मी विकतो. मोतीलाल म्हणून विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही. चिडका शेठ म्हणून विचारा, चहावाला हात धरून दुकानापर्यंत आणून सोडेल. आता चिडू नको तर काय करू? माणूस हत्तीएवढी मशीन घेतो आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा डबा दाखवला की तोंड वाकडं करून म्हणतो, शेठ, विहिरीचं पाणी चालते ना? चालतं की! आमच्या भागातल्या विहिरींच्या पाण्यात एवढा खार, की घरातल्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला की मग मशीन चालत नाही.

पण ज्याची गोष्ट सांगायला बसलोय तो माणूस या बाबतीत माझ्याहून दहापट चिडका आहे. गुलाब त्याचं नाव. अल्लीपूरच्या शेतकरी घरातला. दोघे भाऊ शेती करतात, हा मात्र मिसरूड फुटायच्या वयात कालव्याच्या कामावर मशीनला ग्रीस मारायला म्हणून गेला आणि पुन्हा नांगराला हात लावला नाही. आता पन्नाशीला आलाय. ती जमीन उकरणारी, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी मोठी मशीन असते ना, जिला सगळे पोकलेन म्हणतात, ती तो चालवतो. नुसती चालवत नाही, तिच्यासाठी भांडतो.

त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. नवा नवा ऑपरेटर झाला होता तेव्हा मशीन तापली म्हणून यानं घाईघाईनं रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं ते थेट हातावर. दवाखान्यातून सुटला तो घरी न जाता हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे जाऊन बसला आणि इंजिनातलं पाणी कुठून निघतं, कुठे फिरतं, कुठे थंड होतं, ते सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. मिस्तरी वैतागला, पण हा हलला नाही.

तेव्हापासून त्याचा दिवस एकाच पद्धतीनं सुरू होतो. सकाळी मशीन थंड असताना तिच्याभोवती एक चक्कर. होज पाइप दाबून बघायचे, कडक झाले का, फुगले का. फॅनबेल्टवर अंगठा दाबून ताण बघायचा. झाकणाचं रबर बोटानं चाचपायचं. मग रेडिएटरच्या जाळीत हवा मारायची, तीही आतून बाहेर. बाहेरून मारली की कचरा आणखी आत रुतून बसतो, हे तो समोर येईल त्याला सांगतो, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. त्याची बायको रुख्मिणी म्हणते, आमच्या घरी कोणाले ताप आला तर हे औषध आणाले विसरतीन, मशीनच्या तापाचा काटा जरा हलला तर जेवण विसरतात.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या दोन खोडींवर त्याचा विशेष राग. एक म्हणजे उन्हाळा आला की थर्मोस्टॅट नावाची झडप काढून फेकून द्यायची, म्हणे इंजिन थंड राहतं. आणि दुसरी हळद. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. गरम पाण्यात हळद फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. थांबते हे खरं आहे, म्हणून तर खोड जात नाही. त्यात आमच्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद, म्हणजे घरोघरी डबे भरलेले. पण जी हळद भोकात बसते तीच बारीक नळ्यांतही बसते, हे कोणाला दिसत नाही. एकदा माझ्याच दुकानासमोर एका टिप्परवाल्यानं रेडिएटरमध्ये हळद ओतली, तर गुलाब त्याच्या अंगावर धावून गेला होता. ते का भाजी हाये, असं ओरडत.

त्याची पोकलेनही त्याच्याचसारखी जुनी आणि हट्टी. सगळे तिला म्हातारी म्हणतात. ती नवी कोरी आली तेव्हापासून तिच्यावर दुसरा हात पडलेला नाही. ती घेतली होती मुकेशच्या वडिलांनी. ते गेल्यावर मशिनींचा धंदा मुकेशकडे आला. मुकेश वर्ध्याचा, तिशीचा, पांढऱ्या शर्टातला, हुशार पोरगा. पण मागच्या वर्षी त्याला मोठा दणका बसला. त्यानं घेतलेली नवी पोकलेन समुद्रपूरकडे रस्त्याच्या कामावर होती. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी ऑपरेटरनं ती चालवत ठेवली आणि इंजिन जागेवर जाम झालं. नवी मशीन, बरं का! तेव्हापासून मुकेशनं धसका घेतला. नवीचं हे झालं तर म्हातारी कधीही दगा देईल, असं त्याच्या मनानं घेतलं आणि यंदा मे महिन्यात त्यानं नागपूरच्या भंगारवाल्याशी बोलणं करून टाकलं.

गुलाबला कळलं तेव्हा तो माझ्या दुकानात होता. त्यानं मुकेशला फोन लावला आणि असा काही भांडला की चौकातले लोक गोळा झाले. शेवटी मुकेशनं एक अट घातली. अल्लीपूरच्या शिवारातल्या तळ्याचा गाळ काढायचं काम आलं होतं. म्हातारीनं तिथे एक दिवस सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत काम करून दाखवायचं. जेवणाची सुट्टी तेवढी माफ. काटा लालात गेला किंवा मशीन बंद ठेवावी लागली तर दुसऱ्या दिवशी ट्रेलर येऊन तिला घेऊन जाणार. टिकली तर म्हातारी राहणार, गुलाबही राहणार. दुसऱ्या मशीनवर बसायला गुलाब तयार नव्हताच.

मे महिन्यातलं आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात दिवसभर गाळ उपसायचा म्हणजे थट्टा नव्हे. पण गुलाब काय खूश! त्यानं आठवडाभर आधी रेडिएटर उतरवून धुऊन घेतला, माझ्याकडून नवा बेल्ट नेला, कूलंट भरलं, क्लॅम्प आवळले. मी म्हटलं, नवरी सजवतोस का? तर म्हणाला, शेठ, तुमी फक्त या.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि गेलो. आयुष्यात मी फार कमी वेळा दुकान बंद ठेवलंय, पण हे चुकवलं असतं तर झोप लागली नसती. तळ्यावर बघतो तर जत्रा! अल्लीपूरचं अर्धं गाव बांधावर. गाळ न्यायला ट्रॅक्टरांची रांग. शंकरपटाला बैलजोडी सुटायच्या आधी लोक जसे एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात तसे सगळे चुळबुळत होते.

या कामासाठी सगळ्यात जास्त खटपट केली होती मीराबाईंनी. साठी ओलांडलेली, एकेकाळी पंचायतीत निवडून आलेली, गावात शब्दाला वजन असलेली बाई. गाळ निघाला तर शेतांना माती आणि तळ्याला पाणी, म्हणून दोन वर्षं त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होत्या. पूजेचं ताट घेऊन त्याच आल्या. नारळ फुटला, बकेटला हळदकुंकू लागलं. पण मीराबाईंचं तेवढ्यानं समाधान होईना. म्हणाल्या, इंजिन म्हणजे मशीनचं काळीज, त्याले हळदकुंकू नाई तर पूजा कायची? गुलाब त्या वेळी वर चढून, झाकण काढून रेडिएटरमधली पातळी शेवटची बघत होता आणि थोडं कूलंट वरून ओतत होता. त्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं. बैलगाडीवर चढावं तशा त्या सहज चढल्या. तेवढ्यात मुकेशनं खालून हाक मारली म्हणून गुलाब उतरला, अटी पुन्हा एकदा ऐकून घेतल्या, परत वर गेला, झाकण घट्ट लावलं, मीराबाईंना हात धरून उतरवलं आणि केबिनमध्ये बसला.

म्हातारीनं पहिला धूर सोडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या!

काय चालत होती म्हणून सांगू. बकेट खाली जायची, गाळाचा डोंगर उचलून वळायची, ट्रॅक्टर भरला की दुसरा पुढे. बांधावरून काटा दिसत नाही, म्हणून गुलाबनं मला खुणेचं सांगून ठेवलं होतं. खिडकीतून तो अंगठा दाखवणार. अंगठा आडवा म्हणजे काटा मध्यावर. जसा काटा चढेल तसा अंगठा वर. थोड्याच वेळात ही खूण सगळ्या बांधाला पाठ झाली. अंगठा आडवा दिसला की माणसं ओरडायची. सकाळभर तो आडवाच होता. मी छाती काढून फिरत होतो, जसं काही मीच मशीन चालवतोय.

जेवायच्या आधी अंगठा जरा वर झाला. मी डोळे चोळले. सुट्टीत गुलाब जेवलाच नाही. जाळीत हवा मारली, बेल्ट बघितला, कुठे थेंबभर गळती आहे का ते पालथं पडून बघितलं. सगळं ठीक. मला म्हणाला, ऊन हाये, थोडं चढनच. पण त्याच्या कपाळावरची आठी मला दिसली.

दुपारी काम पुन्हा सुरू झालं आणि अंगठा चढतच राहिला. ओरडणारा बांध हळूहळू गप्प झाला. गुलाब वेग कमी करत होता, बकेट अर्धी भरत होता, मधेच रिकामी वळवून इंजिनाला दम घेऊ देत होता. प्रत्येक वेळी अंगठा थोडा खाली यायचा आणि पुन्हा वर. वेळ पडली तर असावा म्हणून दुकानातून आणलेला बेल्ट माझ्या हातात होता, तो मी पिळून पिळून वाकडा केला. मुकेश बाजूला एकटा उभा होता.

ऊन कललं. तळ्याचा फक्त एक कोपरा राहिला. सूर्य पलीकडच्या बाभळींच्या शेंड्यापर्यंत उतरला होता. आता बांधाला राहवेना. गुलाबभाऊ, थोडंच राह्यलं, मारा जोर, असं सगळे मिळून ओरडू लागले. मीही ओरडत होतो, माझा आवाज बसला होता. आणि खिडकीत अंगठा जवळजवळ सरळ उभा झाला.

गुलाबनं बकेट जमिनीवर टेकवली. इंजिन हळू केलं. एकदम बंद केलं नाही, पंखा फिरत राहावा, आतलं पाणी फिरत राहावं म्हणून थोडा वेळ तसंच गुरगुरत ठेवलं. मग किल्ली फिरवली. ट्रॅक्टरवाल्यांनीही आपले ट्रॅक्टर बंद केले. पलीकडे मुकेश कोणाशी तरी फोनवर बोलत होता.

तो खाली उतरला. कोणाकडे न बघता म्हणाला, हारलो, आणि म्हातारीच्या साखळीच्या पट्ट्याला टेकून मातीत बसला.

मला इतका राग आला की काय सांगू. मी धावत गेलो आणि त्याच्यावर तुटून पडलो. लाल पट्ट्यात गेला नव्हता ना काटा अजून? थोडं रेटलं असतंस तर सूर्य बुडला असता. उद्या ती भंगारातच जाणार, मग आज तिच्या इंजिनाचं हेड फुटलं काय आणि राहिलं काय?

गुलाब माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, भंगारात गेली तरी जितीच गेली पाह्यजे. मारून नाई धाडत मी तिले."

मी त्याच्याशेजारी मातीत बसलो.

मशीन निवायला वेळ लागला. सूर्य बुडाला तरी कोणी घरी गेलं नाही. मग गुलाब उठला, होजला हात लावून बघितला, झाकण आधी थोडंसं सैल करून वाफ जाऊ दिली आणि खालची पाणी सोडायची तोटी उघडली. हार झाली होती, तरी ती तापली कशानं हे त्याला कळायला हवंच होतं. मुकेशही जवळ येऊन वाकला. तोटीतून आधी काहीच येईना. गुलाबनं तार घालून ढवळलं आणि भस्सकन पिवळं पाणी उसळलं. माझं कूलंट हिरवं असतं. हे पिवळंजर्द, दाट, पिठल्यासारखं. मुकेशच्या पांढऱ्या शर्टावर पोटापासून गळ्यापर्यंत उडालं. गुलाबनं बोटावर घेऊन वास घेतला आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हळद," तो म्हणाला. "कोनं टाकली?"

आवाज असा होता की पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. आणि त्या मागे सरणाऱ्या गर्दीतून मीराबाई पुढे आल्या. त्यांची मान वर होती.

"म्या टाकली, गुलाब. वर चढले तं टाकीखाली थेंब दिसले. वाटलं, गळून राह्यली. माह्या भावाच्या ट्रॅक्टरले हळदच टाकत होते सारे. वाटीतली सारी ओतली. तुयी म्हातारी टिकावी म्हनून टाकली रे."

ते थेंब गळतीचे नव्हतेच. गुलाबनं नुकतंच कूलंट भरलं होतं, त्यातले सांडलेले. हे त्याला कळलं, मला कळलं, बघता बघता सगळ्यांना कळलं. आठवडाभर धुऊनपुसून लख्ख केलेल्या रेडिएटरमध्ये पूजेच्या हातानं वाटीभर हळद गेली होती. मी मनातल्या मनात डोळे मिटून घेतले. टिप्परवाल्याच्या अंगावर धावणारा गुलाब मी बघितला होता.

गुलाब मीराबाईंकडे बघत राहिला. मग त्यानं हात झटकला आणि म्हणाला, "काकू, हळद घरचीच होती?"

"घरचीच. औंदाची."

"तरीच. बजारातली भेसळीची असती तं मशीन दुपारलोक बी टिकली नसती."

कोणीतरी हसलं आणि बांध फुटावा तशी माणसं हसली. मीराबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि हसतही होत्या. बायकांचं लक्ष मुकेशच्या शर्टाकडे गेलं आणि, पोराले मांडवाविनाच हळद लागली, म्हणून त्याची थट्टा सुरू झाली. तो लाजला, पण हसला नाही.

मग सगळ्यांनी त्याला घेरलं. आजचं धरू नको, ही काही मशीनची चूक नाही. आम्ही पाणी आणतो, धुऊन काढतो, परवा पुन्हा बघ. ट्रॅक्टरवाले म्हणाले, मीराबाई म्हणाल्या, मी तर त्याची बाहीच धरली. आणखी एक दिवस, एवढंच मागत होतो. अट आपण कबूल केली होती, एवढंच गुलाब मात्र एकदा म्हणाला.

मुकेशनं माझ्या हातातून बाही सोडवली.

"दुसरी परीक्षा नाई," तो म्हणाला.

सगळे एकदम थांबले. मला वाटलं, याच्या तोंडात मारावी.

"ट्रेलरवाल्याले म्या कवाच नाई म्हनून सांगतलं. यानं बकेट खाली टेकवली ना, तवाच." तो गुलाबकडे वळला. "मागच्या साली नव्या मशीनवरच्या त्या पोरालेही काटा दिसत होता, गुलाबभाऊ. त्यानं बंद नाई केली, काऊन का म्या दिवसातून चारदा फोनवर वरडत होतो, मशीन बंद काऊन हाये म्हनून. माह्या भेवानं त्यानं इंजिन जाळलं. तुमाले तं मालूम होतं, बंद केली का तुमची मशीन भंगारात चालली. तरी तुमी बंद केली. मले आता काटा पाह्याची गरज नाई."

बांधावर जो ओरडा झाला तो जामच्या चौकापर्यंत गेला असेल. टोप्या उडाल्या, ट्रॅक्टरांचे भोंगे वाजले, मीराबाईंनी मुकेशच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी कोणाला मिठी मारली ते मला आठवत नाही.

गुलाबकडे बघितलं तर तो आमच्यात नव्हताच. म्हातारीच्या पट्ट्यावर कपाळ टेकवून पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. आयुष्यभर जगाशी भांडलेला माणूस सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडत होता. मीही रडलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.